सुनेच्या तपासणीची तारीख रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

अर्जदार : आपल्याच रुग्णालयाच्या धुलाई विभागातील, सध्या आजारी रजेवर असलेल्या महिला कर्मचाऱ्याची सासू.

विषय : माझ्या सुनेस व्यायामासह हृदयाच्या एमआरआय तपासणीसाठी येत्या गुरुवारची दिलेली तारीख रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) "आपली तारीख निश्चित झाली आहे, सैल कपडे घालून यावे" हा आपल्या कार्यालयाचा मोबाईलवरील संदेश.
२) चार नंबरच्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर : "ज्याची तारीख, त्यानेच रद्द करायची."

महोदय,

१. मी पाणीपुरवठा कार्यालयातून टंकलेखिका म्हणून निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना लोकांचे असंख्य अर्ज माझ्या हाताखालून गेले, परंतु स्वतःच्या घरासाठी अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ आहे. तेव्हा भाषा कुठे सैल पडली तर तो दोष माझा समजावा.

२. आपल्याकडे तारीख मिळावी म्हणून अर्ज येतात. दिलेली तारीख परत घ्या, असे म्हणणारा अर्ज आपणास विचित्र वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु भीक नको पण कुत्रे आवर, अशी आमची गत झाली आहे. ती कशी झाली ते थोडक्यात मांडते. थोडक्यात न जमल्यास क्षमा असावी.

३. माझ्या सुनेच्या हृदयावर ती अगदी लहान असताना शस्त्रक्रिया झालेली आहे. लग्न ठरताना तिने स्वतःच गळ्याखालची खूण मला दाखवली आणि म्हणाली, "काकू, हे आत्ताच बघून घ्या, मागाहून बोलणं नको." तेव्हापासून ती मला आवडते. या वाक्याची अर्जात आवश्यकता नाही, तरी ते राहू देते. ती उंच आहे, इतकी की धुलाई विभागात तिला सगळे 'शिडी' म्हणतात. वरच्या दोरीवर चादरी टाकायच्या असल्या की शिडीला हाक मारतात, आणि ती जाते. यंत्रातून काढलेली ओली चादर हातात घेऊन पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. मी एकदा घेऊन पाहिली आहे.

४. गेल्या वर्षापासून तिला दम लागू लागला. आमच्या घराच्या जिन्यात ती मध्येच थांबून पिशवीत किल्ली शोधू लागायची. किल्ली माझ्या कमरेला असते, हे तिलाही ठाऊक होते. मी वरून बघायचे आणि काही बोलायचे नाही. शेवटी माझ्या मुलाने तिला आपल्याकडील हृदयविभागात आणले. तेथील डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफी केली, झोपवून एमआरआय केला. सगळे समाधानकारक आले. दुसरे कोणी असते तर "काही नाही, मनाचे खेळ आहेत," म्हणून वाटेला लावले असते. बाईंनी तसे केले नाही. त्या आम्हाला म्हणाल्या, "निजलेल्या माणसाचं हृदय बघून काम करणाऱ्या माणसाचं सांगता येत नाही. हिची लहानपणी दुरुस्त केलेली झडप गळतेय. आरामात असताना हृदय ते झाकून घेतं. जोर लावल्यावर त्याची ताकद वाढते की कमी होते, ते मला बघायचंय. कमी होत असेल तर नवी झडप वेळेत बसवता येईल. वेळेत, हे लक्षात ठेवा."

त्यासाठीची तपासणी आपल्याकडेच होते, असे त्यांनी सांगितले. यंत्राच्या बोगद्यात उताणे झोपायचे, पायांशी लोखंड नसलेली पेडल बांधायची, सायकल चालवावी तसे पाय हलवत राहायचे, आणि त्याच वेळी यंत्राने हृदयाची चित्रे घ्यायची. सून ऐकून हसली. म्हणाली, "म्हणजे कुठेही न जाता सायकल. सोपंय."

५. पहिल्या तारखेला आम्ही तिघे सकाळी आलो. पेडलचे उपकरण खोलीत होते, यंत्र चालू होते, यंत्रावरचा माणूस हजर होता. अडचण अशी निघाली की पेडलवरच्या रुग्णाकडे लक्ष ठेवणे हे व्यायामोपचार विभागाचे काम, आणि चुंबकाच्या खोलीत पाऊल टाकण्याची परवानगी फक्त क्ष-किरण विभागाला. व्यायामोपचाराच्या बाई दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. चुंबकाच्या खोलीत वावरण्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना आत जाता येत नव्हते, आणि ते प्रशिक्षण फक्त क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यांसाठीच होते. दोघांचेही नियम बरोबर होते. माझी सून दोन बरोबर नियमांच्या मधल्या बाकावर अनवाणी बसून राहिली, आणि दुपारी आम्ही घरी गेलो.

६. पुढची तारीख यायला पावसाळा संपला. या वेळी एका तरुण डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर आत उभे राहण्याचे कबूल केले, त्यांचे आभार मानते. सुनेला झोपवले, पाय पट्ट्यांनी पेडलला बांधले, आत सरकवले. मला काचेपलीकडे बसू दिले होते. ती पाय चालवू लागली आणि खोलीतून ठक् ठक् आवाज येऊ लागला. यंत्राचाच असेल असे मला वाटले. यंत्रावरचा माणूस ध्वनिक्षेपकात म्हणाला, "ताई, गुडघे आपटताहेत वर. जरा बाहेरच्या बाजूला वळवा." तिने वळवले. मग पेडल फिरेनात. सरळ केले की पुन्हा ठक् ठक्. तरी ती थांबली नाही. थांबवले ते त्यांनीच, कारण अंग हलल्याने चित्रे पुसट येत होती. बाहेर आली तेव्हा दोन्ही गुडघे सोलवटलेले होते आणि ती पुनःपुन्हा विचारत होती, "आलं का काही? थोडं तरी आलं का?"

अहवालावर लिहून आले : "रुग्णाने पुरेसे सहकार्य न केल्याने तपासणी अपूर्ण."

महोदय, माणूस उंच असणे हे असहकार्यात कसे मोडते, हे मी नोकरीभर कार्यालयीन भाषा टंकित करूनही समजू शकले नाही.

७. असहकार्याचा शेरा असलेल्या रुग्णास समुपदेशन झाल्याच्या दाखल्याशिवाय नवी तारीख मिळत नाही, असे कळले. आम्ही समुपदेशन कक्षात गेलो. तेथील बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी सुनेशी तासभर गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "ही तर सगळ्याला तयार आहे. हिचं मन वळवायचं कशाला? जे वळवलंच नाही, ते वळवलं असा दाखला मी कसा देऊ?" घोडे तिथेच पेंड खात राहिले. डॉक्टरीणबाईंनी समुपदेशन कक्षात आणि क्ष-किरण विभागात खेटे घालून, भांडून, अखेर तो दाखला मिळवला. त्यानंतर लवकरच त्यांची दुसऱ्या रुग्णालयात बदली झाली. जाताना त्यांनी सुनेसाठी हलक्या कामाची चिठ्ठी दिली. त्यामुळे ती चादरी ओढण्याऐवजी कोरड्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. तेवढे दिवस तिच्या ओठांना रंग होता.

८. तिसऱ्या वेळी गुडघ्यांची अडचण लक्षात घेऊन असे ठरले की तिने बाहेर व्यायाम करावा आणि दम लागलेला असतानाच धावत येऊन यंत्रात झोपावे. परदेशी तसेही करतात, असे सांगण्यात आले. करीतही असतील. त्यांचा जिना यंत्राच्या जवळ असेल. माझ्या मुलाने तिचा हात धरून तिला जिन्यावरून वर-खाली नेले. तो बस चालवतो, त्याला घाबरण्याची सवय नाही, पण त्या दिवशी त्याचा चेहरा तिच्याहून पांढरा होता. पुरेसा दम लागताच दोघे धावत दाराशी आले. दार बंद होते. आत कोणा मोठ्या माणसाच्या पाठीची तपासणी मध्येच घुसवली होती. "दोन मिनिटं बसा," म्हणाले. ती बसली. घाम वाळला, श्वास जागेवर आला, छातीची धडधड निवली, आणि मग दार उघडले.

'व्यायामानंतर' असा मथळा घेऊनच अहवाल समाधानकारक आला. चित्रे स्पष्ट होती. बाकावर आराम केलेल्या हृदयाची होती, पण स्पष्ट होती.

९. सदर अहवालाची प्रत धुलाई विभागास गेली. व्यायामानंतरही हृदय समाधानकारक असल्याने हलक्या कामाची सवलत काढून घेण्यात आली आणि सून पुन्हा ओल्या चादरींवर गेली. मी तिला म्हणाले, "नाही म्हण." ती म्हणाली, "आई, कागद म्हणतोय मी बरी आहे. मी नाही म्हटलं तर मी कामचुकार." पुढच्याच आठवड्यात ती धुलाईच्या यंत्रासमोर, ओल्या ढिगाशेजारी पडली. तिच्या सोबतिणींनी तिला चादरीत घालून, चार कोपरे धरून, अपघात विभागात नेले. स्ट्रेचरची वाट बघितली नाही, म्हणून ती वाचली. त्या चौघींची नावे घालत नाही, कारण रुग्णालयाची चादर विनापरवाना बाहेर नेल्याबद्दल त्यांना आधीच विचारणा झाली आहे.

१०. त्यानंतर ती पुष्कळ दिवस आपल्याकडेच दाखल होती. शस्त्रक्रिया समितीपुढे तिचे प्रकरण गेले. समितीने व्यायामाची चित्रे मागितली. चित्रे नव्हती. चित्रे नाहीत म्हणून निर्णय पुढे ढकलला, आणि पुढची बैठक झाली तेव्हा समितीतील वयस्क डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "हृदयाची उजवी बाजू फार ताणली गेलीय. आता झडप बसवायला घेतलं तर टेबलावरच जाईल. आधी आली असती तर गोष्ट वेगळी होती." माझा मुलगा म्हणाला, "साहेब, ती इथंच होती. तुमच्या चादरी धूत होती." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचाही काही इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. घरी पाठवताना कागदावर लिहिले : "कोणताही श्रम करू नये."

११. आणि आता तारीख आली आहे.

समुपदेशनाच्या दाखल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेडलच्या तपासणीची आणखी एक मागणी नोंदवून ठेवली होती, ती कुठेतरी रांगेत उभी होती. तिचा नंबर आता लागला. संदेश सुनेच्या मोबाईलवर आला. ती उशांना टेकून बसली होती, हल्ली आडवे झोपता येत नाही. तिने तो मला दोनदा वाचून दाखवला.  ती आनंदली होती, महोदय.

तिचे म्हणणे असे : समितीला चित्रे हवी होती, चित्रे मिळाली की समितीला पुन्हा बसावे लागेल. "उशीर झाला असं त्यांनी तोंडी सांगितलंय, आई. लेखी कुठंय?" मी म्हणाले, "अगं, पाय हलवशील आणि तिथंच संपशील." ती म्हणाली, "आतल्या आत संपण्यापेक्षा ते बरं. निदान फोटो तरी निघेल."  माझ्या मुलाला मी म्हणाले, तू तरी सांग तिला. तो म्हणाला, "आई, ती वर्षभर खरं बोलतेय आणि कोणी ऐकत नाहीये. तिला एकदा खरं ठरू दे ना." मग बाहेर जाऊन दाराशी लावलेल्या बसच्या काचा पुसत बसला. काचा स्वच्छच होत्या.

त्या दिवसापासून ती सराव करते. आम्ही जवळ नसलो की उशा बाजूला सारून उताणी होते, गुडघे बाहेरच्या बाजूला वळवते, कुठेही आपटणार नाहीत असे, आणि हवेत पाय फिरवते. मी दाराआडून पाहिले आहे. चार-सहा फेरे होतात, मग ती तोंड उघडून छताकडे बघत राहते. मी भांडे वाजवत आत जाते, म्हणजे तिला उशा मागे घ्यायला वेळ मिळावा.

तपासणीपूर्वी ड्युटीवरील डॉक्टर काही प्रश्न विचारतात. दम लागतो का, चक्कर येते का, पायांना सूज आहे का. त्या सर्वांना ती "नाही" असे उत्तर देणार आहे. सूज दिसू नये म्हणून तिने सैल पायजमाही काढून ठेवला आहे. ती खोटे बोलणार आहे, हे मी तिची सासू असून आपणास लेखी कळवीत आहे. सासवा सुनांच्या तक्रारी करतात असे लोक म्हणतात. ही माझी पहिली तक्रार समजावी.

१२. तारीख रद्द करण्यासाठी मी चार नंबरच्या खिडकीवर गेले, तेव्हाचे उत्तर संदर्भात दिले आहे. रुग्णाने स्वतः यावे किंवा त्याची सही आणावी, अथवा ज्या डॉक्टरांनी तपासणी मागितली त्यांनी रद्द करावी. डॉक्टरीणबाईंची बदली झाली आहे, आपल्या संगणकात त्यांना आता शिरता येत नाही. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर म्हणाले, "आजी, जी तपासणी मी मागितलीच नाही, ती मी रद्द कशी करू?" यंत्रावरच्या माणसाला गाठले. तो मला ओळखतो. म्हणाला, "आलेल्या पेशंटला परत पाठवायचा अधिकार मला नाही, मावशी. पण मी सावकाश पट्ट्या बांधीन." असे म्हणून त्यानेच मान खाली घातली. मग मी विचारले, आम्ही आलोच नाही तर? खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले की गैरहजर रुग्णाचे नाव हृदयविभागाच्या यादीतून कमी होते, आणि पुन्हा नोंद होईपर्यंत औषधे मिळत नाहीत. ती औषधे थांबली तर तिच्या फुप्फुसात पाणी भरते. म्हणजे नेले तरी मरण, न नेले तरी मरण, आणि रद्द करण्याची सही फक्त तिच्याच हातात, जी ती देणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, त्यात निदान उभे राहायला मधली जागा असते.

तिची सही मला हुबेहूब करता येते. लोकांच्या सह्यांखाली त्यांची नावे टंकित करण्यात माझा जन्म गेला आहे. मी ती केलेली नाही. तिचे आयुष्य तिला न विचारता वाचवले, तर ती मला उरलेले दिवस क्षमा करणार नाही, आणि ते दिवस फार नाहीत.

१३. तरी विनंती की, आपण आपल्या अधिकारात, रुग्णाच्या सहीविना व रुग्णास न कळवता, सदर तारीख रद्द करावी. यंत्र बिघडले असे तिला कळवले तरी चालेल. तिचा त्यावर सहज विश्वास बसेल.

काल संध्याकाळी अर्ज इथवर लिहून झाला होता. आज सकाळी पुढील मजकूर जोडीत आहे, त्यामुळे परिच्छेद तेरामधील विनंती आता निराळ्या प्रकारे वाचावी. तो परिच्छेद खोडलेला नाही, कारण खाडाखोड असलेला अर्ज घेत नाहीत.

आज सकाळी मी भांडे वाजवून आत गेले, तर उशा मागे गेल्या नव्हत्या. ती उताणी होती, गुडघे वळवलेले होते, आणि पाय गादीवरच होते. तिने ते उचलण्याचा प्रयत्न केला असावा. चादरीला टाचांच्या दोन वळ्या पडल्या होत्या, त्यापुढे काही नव्हते. मी तिला उठवून बसवले. श्वास जरा जमल्यावर ती म्हणाली, "आई, तो अर्ज आणा." मी म्हणाले, "कसला अर्ज?" ती म्हणाली, "मला सगळं ऐकू येतं. तुम्ही लिहिताना ओठ हलवता."

मी आणून दिला. तिने पहिल्यापासून वाचला. जिन्यातल्या किल्लीपाशी आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितले आणि पुढे वाचू लागली. यंत्र बिघडल्याचे सांगावे असे मी लिहिले आहे, तिथे मात्र तिला हसू आले आणि मग खोकला आला. शेवटी तिने विचारले, "सही कुठं करू?" मी बोट ठेवले. माझा मुलगा दारात उभा होता. तो पुढे आला नाही आणि मागेही गेला नाही.

अशा रीतीने नियमानुसार आवश्यक असलेली रुग्णाची सही या अर्जावर आहे. ती तिने स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाविना केली आहे. तरी येत्या गुरुवारची तारीख रद्द करून तिचे नाव हृदयविभागाच्या यादीत कायम ठेवावे, जेणेकरून औषधे चालू राहतील. याहून अधिक काही आम्ही मागत नाही.

एक अडचण आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. सही करताना तिच्या हातून माहेरचे आडनाव लिहिले गेले आहे. आपल्या नोंदीत सासरचे आहे. माझ्या ते तेव्हाच लक्षात आले होते. परंतु पेन तिच्या हातातून गळून पडले होते आणि ती डोळे मिटून दम घेत होती. पुन्हा लिही, असे मी तिला म्हटले नाही. दोन्ही नावांची बाई एकच आहे, याची मी खात्री देते. त्या कारणास्तव अर्ज परत पाठवू नये.

आपल्या कार्यालयाची नम्र अर्जदार,

(सही)
रुग्णाची सासू

(सही)
रुग्ण

दिनांक : सोमवार, सकाळ

सोबत :
१) तपासणीच्या तारखेचा संदेश, हाताने उतरवून.
२) "कोणताही श्रम करू नये" असे लिहिलेल्या कागदाची प्रत.
३) विवाह नोंदणी दाखल्याची प्रत, आडनावाच्या खुलाशासाठी.